घर आपले नीटनेटके : माशांच्या टाकीची काच पुसताना



दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आपल्या हाताला थारा नसतो. माळे उतरतात, पंखे पुसले जातात, पडदे धुवायला पडतात, आणि मग दिसेल ती काच लख्ख करायची असा जणू पणच असतो. खिडक्या झाल्या, शोकेस झाले, टी.व्ही. झाला, देवांच्या तसबिरी झाल्या. या यादीत आता आणखी एक काच आली आहे, ती म्हणजे माशांच्या टाकीची. पूर्वी रंगीत मासे बघायचे तर पोरांना घेऊन मरीन ड्राइव्ह गाठावे लागे. १९५१ साली तिथे सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय मुंबईला आलेल्या पाहुण्यांना हमखास दाखवले जाई. आता दोन खोल्यांच्या घरातही कोपऱ्यात दोन फुटी फिश टँक असतो. कुणी हौसेने ठेवते, कुणी मुलांच्या हट्टापायी, कुणी वास्तूला चांगला म्हणून.

पण बाकीच्या काचांच्या मागे फोटो असतात नाहीतर कपबश्या. या काचेच्या मागे जीव असतात. तेवढ्यासाठी आजचा हा लेख.

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांच्या घरी गेल्या आठवड्यात साफसफाई झाली. कामाच्या मावशींनी खिडक्यांबरोबर माशांची टाकीही पुसून काढली, इतकी स्वच्छ की संध्याकाळी सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपैकी सहा गोल्डफिश वर तरंगत होते. आता घरात वाद पेटला आहे. सासूबाई म्हणतात, घरावरचे संकट माशांनी स्वतःवर घेतले. यजमान म्हणतात, मावशींच्या पगारातून पैसे कापा. "मावशी रडत होत्या. मी सांगितले तसेच त्यांनी केले होते. आता मी काय करू?" असे या भगिनी विचारतात.

उत्तर देते, पण आधी कारण समजून घेऊ. कारण कळले की उत्तर आपोआप सापडते.

बाहेरून पुसले, तर आत काय बिघडले?

हा प्रश्न कुणालाही पडेल. काच जाड, कडा बंद, मग बाहेरचे आत जाणार कसे? जाते, आणि त्याला तीन वाटा आहेत.

पहिली वाट झाकणाची. टाकीच्या झाकणाला दिव्याच्या वायरीसाठी, नळ्यांसाठी, खाणे टाकण्यासाठी फटी असतात. काच पुसायचे द्रावण आपण फुसफुस करून उडवतो, तेव्हा ते सगळेच्या सगळे काचेवर बसत नाही. बारीक तुषार हवेत राहतात आणि हळूहळू खाली बसतात. उघड्या फटीतून ते थेट पाण्यावर पडतात.

दुसरी वाट हवेच्या पंपाची. ही फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, बरं का. तो गुरगुरणारा छोटा पंप हवा कुठून आणतो? आपल्याच खोलीतून. खोलीत जे उडेल ते तो ओढून घेतो आणि बुडबुड्यांतून पाण्यात सोडतो. पंपाशेजारी फवारा मारला तर झाकण घट्ट बसवून काही उपयोग नाही.

तिसरी वाट आपल्या हाताची. काच पुसून झाली, चार दाणे खाणे टाकावे म्हणून त्याच हाताने झाकण उचलले, बोट पाण्याला लागले, की हातावरचे द्रावण पाण्यात गेले.

आता या द्रावणात असते काय? पुष्कळशा काच पुसायच्या द्रावणांत अमोनिया असतो. काहींत अल्कोहोल, आणि बहुतेकांत साबणासारखे फेसाळ पदार्थ व सुगंध. माशांच्या शरीरातून अमोनिया मुळातच बाहेर पडत असतो, मुख्यतः कल्ल्यांवाटे. टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजवर उपयोगी जिवाणू वाढलेले असतात, ते हा अमोनिया पचवून त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवतात. चांगल्या चाललेल्या टाकीत अमोनिया शून्य असावा लागतो. तिथे बाहेरून भर पडली तर माशांचे कल्ले भाजल्यासारखे होतात आणि त्यांना श्वास घेता येत नाही. साबणाचे पदार्थ कल्ल्यांना आणि माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला इजा करतात. हा थर म्हणजे त्यांचे रोगापासूनचे संरक्षण. बाटलीवर "अमोनियामुक्त" लिहिले असले म्हणजे टाकीजवळ फवारायला परवानगी मिळाली, असे समजू नये.

फायटर आणि गुरामी या जातींचे मासे तर पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवाही घेतात. ज्या पृष्ठभागावर तुषार बसतात, नेमके तिथेच त्यांचे तोंड येते.

नाशिकच्या भगिनींना

आता तुमच्या पत्राकडे वळते. त्यात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेला आहात: "शॉक बसू नये म्हणून सकाळी सगळी बटणे बंद केली होती, ती रात्री जेवणानंतर लक्षात आली." ही ओळ फार महत्त्वाची आहे. बटण बंद म्हणजे फिल्टर बंद आणि हवाही बंद. नऊ गोल्डफिश, टाकी दोन फुटी. गोल्डफिशला प्राणवायू भरपूर लागतो आणि ते घाणही पुष्कळ करतात. इतक्या दाटीत दिवसभर पाणी हलले नाही तर त्यातला प्राणवायू कमी होत जातो. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही वाहते पाणी आणि प्राणवायू हवा असतो. तास न् तास पाणी थांबले की तेही मरू लागतात. त्यातच शेजारी फवारा मारला गेला. मासे संध्याकाळी वर येऊन तोंड उघडझाप करत होते, असे तुम्ही लिहिता. प्राणवायू कमी पडला तरी मासे असेच करतात आणि कल्ले भाजले तरी असेच करतात. दोन्ही मिळून झाले असण्याचाच संभव अधिक.

म्हणजे यात मावशींचा दोष कुठे? बाटली आपण आणून दिली, "टाकीही पुसा" हे आपण सांगितले, बटणे आपण बंद केली आणि ती सुरू करायची आठवण घरातल्या कुणालाच राहिली नाही. मावशींनी सांगितलेले काम मन लावून केले. त्यांचा एक रुपयाही कापू नका. यजमानांना हा लेख वाचायला द्या, वाटल्यास वाचून दाखवा. आणि मावशींना बोलावून, चार माणसांसमोर जसे बोलणे बसले तसेच चार माणसांसमोर सांगा की चूक तुमची नव्हती. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना माशांबद्दल वाईट वाटते आहे, ते खरेच आहे. उरलेल्या तीन माशांना खाणे घालायचे काम त्यांच्याकडे द्या. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, हे मात्र सांगून ठेवा. नवे मासे लगेच आणू नका. फिल्टर पुन्हा सुरळीत होऊ द्या. आणि आणायचेच झाले, तर "आठ सोनेरी, एक काळा" हा हिशेब दोन फुटी टाकीला झेपणारा नाही, हेही घरात ठरवून टाका. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो.

काय घ्यावे

टाकीची काच बाहेरून पुसायला विकतचे काहीही लागत नाही.

जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन मऊ तुकडे घ्यावेत, एक ओला करायला, एक कोरडा. ते साध्या पाण्यातून तीन-चार वेळा खळबळून काढावेत, म्हणजे आधीच्या साबणाचा अंश राहणार नाही. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रावणात बुडवलेले फडके घेऊ नये. हे दोन तुकडे टाकीसाठीच राखून ठेवावेत. ओट्याचे, गॅसचे, फरशीचे फडके इथे चालणार नाही. एका कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घालून ठेवला की घरात कुणाचीच गफलत होत नाही. मायक्रोफायबरचे फडके असेल तर तेही उत्तम, पण तेही वेगळे ठेवावे.

वाटीभर साधे पाणी घ्यावे. गरम पाणी नको; एकदम उष्णता लागली तर काच तडकू शकते. पांढरे डाग असतील तर थोडे व्हिनेगर. झाले साहित्य.

आणि हो, हातातल्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात, निदान बांगड्या कोपराकडे सारून घ्याव्यात. काच काचेवर आपटलेली बरी नाही. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते, तिच्यामुळे पाण्यातली बारीकशी थरथरही त्यांना कळते. आपल्याला जी टकटक वाटते, ती त्यांना दणका वाटते. मुलांना काचेवर बोटे वाजवू देऊ नये ती याचसाठी.

कसे पुसावे

आधी विजेचे बघावे. दिवा, हीटर आणि पंप यांची बटणे बंद करून प्लग काढावेत. ओला हात बटणाला लावू नये. वायर नेहमी प्लगच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवावी. वायरीवरून ओघळलेले पाणी मग त्या झोळाच्या तळाशी थेंबथेंब गळून जाते, प्लगमध्ये शिरत नाही. ही सवय फक्त पुसण्याच्या दिवसापुरती नाही, बारा महिने हवी.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल तर तो बंद केल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरू शकते. पंप वर ठेवावा, किंवा नळीत एकमार्गी झडप बसवून घ्यावी. मत्स्यपालनाच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. गावोगावी जिथे वीज जाते-येते, तिथे तर ही झडप असायलाच हवी.

प्लग काढले की घड्याळ बघावे. काम दहा मिनिटांचे आहे. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून ठेवावा, म्हणजे कुणी दार वाजवले, दूध उतू गेले, फोन आला तरी पंप सुरू करायचे राहून जाणार नाही.

मग झाकण नीट बसले आहे का पाहावे. कोरड्या फडक्याने वरून खाली अलगद धूळ झटकावी, रगडू नये. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण असते. दाबून पुसले की ओरखडा पडलाच. आपल्या आजीच्या काळी कंदिलाच्या काचा राखेने नि रांगोळीने पुसत, पण टाकीला तो प्रयोग नको. भांड्यांची पावडर, तारेची घासणी यांचेही नाव काढू नये.

आता ओले फडके. ते टाकीपासून दूर, मोरीत किंवा बेसिनवर ओले करावे आणि घट्ट पिळावे. पिळल्यावर थेंब गळता कामा नये. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून आडवे हात फिरवत खाली यावे. बोटांचे तेलकट डाग मुलांच्या उंचीवर जास्त असतात, तिथे ओले फडके अर्धा मिनिट नुसते टेकवून धरावे आणि मग पुसावे. लगोलग कोरडे फडके फिरवावे. पाणी काचेवर वाळू दिले की पट्टे उमटतात. अजून पट्टे दिसलेच तर काचेला दोष देऊ नका, फडके मळले आहे. घडी बदलून पुन्हा पुसा.

मागची बाजू पुसायला टाकी सरकवू नये, ही मात्र पक्की गाठ बांधा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे ५६ किलो वजन झाले. काच आणि खडी वेगळीच. भरलेली टाकी ढकलली की सांध्यांवर ताण येतो आणि तळ तडकू शकतो. मागे हात जात नसेल तर लाकडी पट्टीला फडके गुंडाळून पुसावे.

शेवटी साध्या पाण्याने हात धुऊन, कोरडे करून प्लग लावावेत. बुडबुडे आले, पाणी पडू लागले हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जागचे हलू नये.

पांढरे डाग जात नाहीत

ही तक्रार बोअरवेलच्या पाण्याच्या भागातून नेहमी येते. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. ओघळ वाळला की पाणी उडून जाते आणि क्षार काचेवर बसतो. साबणाने तो निघत नाही, आंबटाने निघतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून फडक्याचे टोक त्यात बुडवावे, घट्ट पिळावे आणि डागावर दोन-तीन मिनिटे धरावे. लिंबाचा रसही चालतो. डाग सुटला की साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावे. व्हिनेगर बाटलीतून काचेवर ओतू नये, फवारू तर मुळीच नये. टाकीत गेले तर पाण्याची आम्लता एकदम वाढते. डाग फार जुना असेल तर हेच दोन-तीन दिवस करावे. ब्लेडने खरवडायचा मोह आवरावा, विशेषतः कोपऱ्यांशी. काचा जोडणारे सिलिकॉन तिथे असते, ते कापले गेले की टाकी गळू लागते. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड पुरते.

पाणी बदलल्यावर उडालेले थेंब तेव्हाच टिपून घेतले, तर हे डाग पडतच नाहीत. म्हणून बाहेरची काच पुसायची ती पाणी बदलल्यानंतर.

इतके करूनही डाग जागचा हलत नसेल, तर जरा तिरपे होऊन पाहा. तो आतल्या बाजूला असेल! हिरवट असेल तर शेवाळच. टाकीवर खिडकीचे ऊन येते का, दिवा दिवसभर चालू राहतो का, हे तपासा. दिवसाकाठी सात-आठ तास दिवा पुरे.

काच की ॲक्रिलिक?

भेट म्हणून मिळणाऱ्या छोट्या, वळणदार टाक्या पुष्कळदा ॲक्रिलिकच्या असतात. नखाने हलकेच वाजवले की काच खणखणते, ॲक्रिलिकचा आवाज बोदा येतो. शिवाय ते हाताला काचेइतके गार लागत नाही. ॲक्रिलिक चांगले मजबूत असते. तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये उघडले, तेव्हा त्यात माशांखालून चालत जायचा बोगदा केला होता तो ॲक्रिलिकचाच. पण त्याच्यावर ओरखडे चटकन पडतात. अमोनिया आणि अल्कोहोल लागले तर त्यात केसासारख्या बारीक भेगा येतात, त्या पुन्हा जात नाहीत. ॲक्रिलिक कोरडे पुसू नये, वर्तमानपत्राने तर नाहीच. नेहमी ओले, मऊ फडके.

स्टिकरचा चिकट डाग काढायला कुणी नेलपॉलिश रिमूव्हर सुचवेल. त्यातल्या ॲसिटोनने ॲक्रिलिक विरघळते, आणि त्याची वाफही टाकीजवळ नको. बोटावर थेंबभर खोबरेल तेल घेऊन डागावर चोळावे, थोड्या वेळाने पुसून घ्यावे. तेलाचा हात मग टाकीत घालू नये.

फवारा उडालाच तर

हातून झालेच तर घाबरून मासे बादलीत काढू नका. धावपळीनेच ते अर्धे दगावतात. फवारा ताबडतोब थांबवावा, खिडक्या उघडाव्यात, खोलीतली हवा स्वच्छ झाली की पंप जोरात सुरू ठेवावा. टाकीतले चौथा ते तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे पाणी घालावे. ते क्लोरिन घालवलेले आणि टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट-गार असावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करावे. त्या दिवशी खाणे घालू नये. घरात बादलीभर क्लोरिनमुक्त पाणी नेहमी तयार असले तर या वेळी फार उपयोगी पडते.

आणि जाता जाता दिवाळीचीच आणखी एक गोष्ट सांगते. काचेच्या द्रावणाहून झुरळांचे आणि डासांचे फवारे माशांना कितीतरी घातक असतात. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधे आपल्याला शिंकही न आणणाऱ्या मात्रेत माशांचा जीव घेतात. टाकीच्या खोलीत ते मारूच नयेत. घरात औषधफवारणी करायची असेल तर येणाऱ्या माणसाला टाकी आधी दाखवावी.

शेवटचा भाग आपल्यासाठी. आठवड्यातून एकदा ही दहा मिनिटे काढली की टाकीचे बाकीचे आरोग्यही नजरेखालून जाते. फडके खालच्या कोपऱ्याशी आले की सांध्याला ओल नाही ना, पांढरी रेघ नाही ना, पाहून घ्यावे. गळती तिथूनच सुरू होते. पुसता पुसता मासे मोजावेत. कुणी कोपऱ्यात नुसते उभे आहे का, कुणाचे कल्ले भराभर हलतात का, हे स्वच्छ काचेतूनच दिसते. काम दुसऱ्याला सांगायचे असेल तर एकदा स्वतः करून दाखवावे, राखून ठेवलेली दोन फडकी त्यांच्या हाती द्यावीत, आणि बटणे सुरू करायची जबाबदारी आपल्याकडे ठेवावी.

पुढच्या आठवड्यात पितळी समया नि निरांजने काळी का पडतात आणि ती घासायला चिंच बरी की लिंबू, ते पाहू. तोवर तुमची पत्रे येऊ द्यात.